फेमस फाइव्हची जन्मतारीख पुसू नका

दिवाळीच्या सुट्टीत दहा वर्षांची भाची घरी आली की रात्री आमचं दोघींचं वाचन चालतं. एक पान तिनं वाचायचं, एक मी. यंदा तिनं येताना 'फेमस फाइव्ह' मालिकेतलं एक पुस्तक आणलं होतं. तेच पुस्तक माझ्याकडेही आहे, शाळेत असताना रद्दीच्या दुकानातून घेतलेलं, पानं तपकिरी झालेली. मी माझ्या प्रतीतून वाचत होते आणि ती आपल्या प्रतीत बोट ठेवून ऐकत होती. मध्येच तिनं मला थांबवलं. "मावशी, तू चुकीचं वाचलंस."

मी 'डर्टी टिंकर' असं वाचलं होतं. तिच्या पुस्तकात त्या जागी 'ट्रॅव्हलर' होतं. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून आम्ही पाहिलं. तिनं मग विचारलं, "ट्रॅव्हलर म्हणजे प्रवासी ना? मग प्रवाशाशी हे सगळे असे का वागतायत?"

जुनी बालपुस्तकं आजच्या मुलांसाठी दुरुस्त करावीत की नाहीत, हा वाद गेली काही वर्षं जगभर चालू आहे. भाचीच्या या प्रश्नानं माझं मत पक्कं झालं. दुरुस्ती करणाऱ्यांनी शब्द काढला, त्या माणसाकडे संशयानं पाहणारी नजर मात्र जागच्या जागी ठेवली. आणि ती नजर कुठून आली हे ओळखायची एकमेव खूण तेवढी पुसून टाकली.

ज्यांनी ही मालिका वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एनिड ब्लायटन या इंग्रज लेखिकेनं १९४२ ते १९६३ या काळात या मालिकेतल्या एकवीस कादंबऱ्या लिहिल्या. ज्युलियन, डिक आणि अ‍ॅन ही भावंडं, त्यांची चुलतबहीण जॉर्जिना आणि टिमी नावाचा कुत्रा असे हे पाच जण. जॉर्जिनाला आपलं नाव आवडत नाही, 'जॉर्ज' म्हटल्याशिवाय ती ओ देत नाही. सुट्टी लागली की ही मुलं किरिन नावाच्या समुद्रकाठच्या गावी जमतात, बेटावर, माळावर, भुयारात हिंडतात आणि चोर, तस्कर, अपहरण करणारे यांना पकडून देतात. ब्लायटनबाई सुट्टीला डॉर्सेट परगण्यात जात. तिथला कॉर्फचा पडका किल्ला पाहिलेल्या कुणालाही किरिन बेटावरचा किल्ला आठवतो. त्यांनी एकूण सातशेच्या आसपास पुस्तकं लिहिली. दिवसाला सहा-सात हजार, कधी दहा हजार शब्द टाइप करत. डोळ्यांपुढे पडद्यावर चित्रं दिसावीत तशी गोष्ट दिसते आणि आपण ती उतरवून घेतो, असं त्यांनी एका मानसशास्त्रज्ञाला पत्रांतून कळवलं होतं.

या झपाट्याचं मोल पुस्तकांना द्यावं लागलं. ब्लायटनबाई आपल्या काळाचे पूर्वग्रह थांबून तपासत नसत. चित्रं डोळ्यांपुढे यायची आणि त्या चित्रांत चोर बहुतेक वेळा परका असायचा, फिरस्ता असायचा, सावळा असायचा. हा दोष आजच कुणाला दिसला असंही नाही. १९६० साली मॅकमिलन कंपनीनं त्यांचं एक हस्तलिखित नाकारलं, तेव्हा त्यांच्या परीक्षक बाईंनी परदेशी माणसाबद्दलच्या जुनाट आकसाचा उल्लेख अहवालात केला होता. त्यामुळे "तेव्हा सगळे असेच होते" ही सबब मला मान्य नाही. तेव्हाही काहींना दिसत होतं.

तर २०१० साली हॉडर या प्रकाशनसंस्थेनं या पुस्तकांची भाषा आजच्या मुलांना सोपी वाटेल अशी करायचं ठरवलं. 'मदर' आणि 'फादर' यांचे 'मम' आणि 'डॅड' झाले. 'मर्सी मी!' जाऊन 'ओ नो!' आलं. शाळेचा 'ट्यूनिक' नुसता 'युनिफॉर्म' झाला, घोकंपट्टी करणारा 'स्वॉटर' पुस्तकातला किडा झाला. आणि 'डर्टी टिंकर'चा 'ट्रॅव्हलर' झाला. सहा वर्षांनी, २०१६ साली, प्रकाशकांनी सांगितलं की हे बदल वाचकांना आवडले नाहीत, आम्ही जुन्या मजकुराकडे परत जातो. भाचीची प्रत या दोन घटनांच्या मधली. २०१० ची दुरुस्ती निदान जाहीर करून झाली होती. त्याच्या आधीही नव्या आवृत्त्यांतून शिलिंगाचे नवे पैसे होत गेले, अर्थ बदललेले काही शब्द गळत गेले, आणि पुस्तक हातात घेणाऱ्या मुलाला त्याचा पत्ताही नव्हता.

'मदर'चं 'मम' झाल्यानं फार मोठं नुकसान झालं असं मी म्हणणार नाही. माझा राग आहे तो टिंकरच्या बदलावर. टिंकर म्हणजे गावोगाव फिरून भांड्यांना डाग देणारा, भोकं बुजवणारा कारागीर. ब्रिटन-आयर्लंडमधल्या भटक्या समाजांना हा शब्द हळूहळू शिवीसारखा चिकटला. 'ट्रॅव्हलर' हे त्याच समाजांतल्या लोकांनी आज स्वतःसाठी वापरलेलं नाव आहे, आपण सन्मानानं घ्यावं असं. आता पाहा काय झालं. जुन्या पुस्तकात मुलं 'टिंकर'ला घाबरत होती. तो शब्द इतका जुना की वाचणाऱ्याला लगेच कळावं, ही मागच्या काळातली गोष्ट आहे. नव्या पुस्तकात मुलं 'ट्रॅव्हलर'ला घाबरतात. म्हणजे १९४०-५० सालचा संशय आज जिवंत असलेल्या माणसांच्या आजच्या नावाला नेऊन जोडला. सदिच्छेनं केलेल्या दुरुस्तीनं पूर्वग्रहाला ताजा पत्ता मिळवून दिला.

असं होतं याचं कारण म्हणजे या पुस्तकांतला पूर्वग्रह शब्दांत कमी आणि कथानकात जास्त आहे. १९५० साली आलेल्या 'फाइव्ह फॉल इन्टू अ‍ॅडव्हेंचर'मधली जो ही मुलगी घ्या. अंगावर फाटके कपडे, अनवाणी, चेहरा हुबेहूब जॉर्जसारखा. समुद्रकाठी डिकची आणि तिची मारामारी होते. तिचा बाप चोरांच्या टोळीत. पुढे हीच जो या मुलांच्या बाजूनं उभी राहते. तिच्याशिवाय जॉर्ज त्या टोळीच्या तावडीतून सुटलीच नसती. मला लहानपणी जॉर्जपेक्षाही जो आवडायची, आजही आवडते. ब्लायटनबाईंनाही ती आवडली असावी, कारण पुढे आणखी दोन पुस्तकांत त्यांनी तिला परत आणलं. पण गोष्ट संपते कशी? जोला स्वयंपाकीणबाईंच्या नातेवाइकांकडे 'चांगल्या घरी' ठेवतात. भटक्यांची पोर गुणी निघाली, म्हणून तिला तिच्या माणसांपासून काढायचं, हेच तिचं बक्षीस.

आपल्याकडच्या वाचकाला हा शेवट वाचून काही आठवायला हवं. इंग्रज सरकारनं १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पारधी, कैकाडी, टकारी, भामटा अशा कितीतरी समाजांतल्या माणसांना जन्मतःच चोर ठरवलं. हजेरी लावायची, गाव सोडायला परवानगी घ्यायची. सोलापूरच्या सेटलमेंटला, म्हणजे या लोकांना डांबून ठेवायच्या वसाहतीला, तर तारेचं कुंपण होतं. मुलांना आईबापांपासून तोडून सुधारगृहात ठेवण्याची तरतूदही त्या कायद्यात नंतर आली. १९५२ साली कायदा रद्द झाला, म्हणून ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' १९८७ साली आलं, तेव्हा कायदा जाऊन पस्तीस वर्षं झाली होती. तरी चोरी झाली की पोलीस आधी कुणाच्या वस्तीवर जातात, हे त्या पुस्तकानं मराठी घरांना ऐकवलं. जोची गोष्ट आणि तो कायदा एकाच मुशीतून निघाले आहेत. शब्द बदलून हे सांगता येणार नाही. शब्द बदलला तर उलट ते दिसायचंच बंद होईल.

याच पुस्तकांत दुसरंही काही आहे, आणि घाईनं झाडू मारणाऱ्याच्या हातून तेही जातं. १९५४ सालच्या 'फाइव्ह गो टू मिस्टरी मूर'मध्ये स्निफर नावाचा जिप्सी मुलगा आहे. तो मुलींना आपल्या लोकांच्या वाटेवरच्या खुणा शिकवतो. काटक्या अशा मांडल्या तर या दिशेला गेलो, अमुक पान ठेवलं तर तमुक निरोप. या खुणांना तो 'पत्रिन' म्हणतो. शाळेत असताना मी हा शब्द वाचला आणि पुढे गेले. कितीतरी वर्षांनी कळलं की रोमानी भाषेत पत्रिन म्हणजे पान. आपलं पत्र, पत्री, पत्रावळ. ज्यांना इंग्रज मुलं 'जिप्सी' म्हणून घाबरत होती त्या रोमा लोकांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी भारतातून तिकडे गेले. त्यांच्या भाषेत पाण्याला पाणीच म्हणतात, नाकाला नाक, कानाला कान. गोष्टीतल्या माळावर एक मळका पोरगा आपल्याच नात्यातला शब्द उच्चारत होता आणि तो शब्द एका इंग्रज बाईनं, तिचे सगळे पूर्वग्रह शाबूत असताना, कान देऊन टिपून ठेवला होता. ज्या पुस्तकात तो तुच्छतेनं पाहिला गेला, त्याच पुस्तकात तो जपलाही गेला. दोन्ही गोष्टी मुलाला सांगता येतात. दहा वर्षांच्या मुलाला त्या झेपतात.

दुरुस्तीचा याहून मोठा आणि जुना अनुभव अमेरिकेत आहे. नॅन्सी ड्रू या मुलगी-गुप्तहेराची मालिका तिथे १९३० साली सुरू झाली. कॅरोलिन कीन हे टोपणनाव. सुरुवातीची बरीच पुस्तकं मिल्ड्रेड वर्ट बेन्सन यांनी लिहिलेली. १९५९ पासून मालिकेच्या मालकांनी जुनी पुस्तकं नव्यानं लिहायला घेतली, पंचवीस प्रकरणांची वीस केली. हेतू चांगला होता. काळ्या पात्रांची भाषा आणि वर्णनं ओंगळ होती, ती काढायची होती. त्यांनी काय केलं? पहिल्याच पुस्तकात जेफ टकर नावाचा राखणदार आहे. १९३० च्या पुस्तकात तो काळा आहे, दारुडा आहे, त्याच्या तोंडी चेष्टेची बोली घातलेली आहे. नव्या पुस्तकात तो गोरा झाला. अपमान गेला, आणि त्यासोबत काळा माणूसही गेला. ज्यांना दुखवायचं नव्हतं त्यांना गोष्टीतून हाकलून देणं हा सोपा उपाय होता. सोपे उपाय सगळ्यांनाच सुचतात. नॅन्सीही त्या फेरलेखनात बरीच शहाणीसुरती झाली, असं जुन्या वाचकांचं म्हणणं आहे, आणि मी दोन्ही वाचून त्यांच्याशी सहमत आहे. १९९१ पासून मूळ आवृत्त्या जशाच्या तशा पुन्हा छापल्या जाऊ लागल्या, तेव्हा कुठे अभ्यासकांना आणि मुलांना दोन्ही समोर ठेवून पाहता आलं.

"पण मुलांना जुने शब्द कळत नाहीत," असा दुसरा मुद्दा येतो. तो मला अजिबात पटत नाही, आणि याबाबतीत मराठी वाचकांएवढा चांगला साक्षीदार मिळणार नाही. मी मराठी शाळेत शिकले. आठवीत हे पहिलं इंग्रजी पुस्तक हातात आलं तेव्हा 'मूर' म्हणजे काय, 'हेदर' म्हणजे काय, 'गॉर्स' कशाला म्हणतात, काहीही ठाऊक नव्हतं. स्कोन पाहिला नव्हता. जिंजर बीअर हे आल्याचं गोड पेय आहे हे कळायला कितीतरी महिने गेले. तोवर ही मुलं उघडउघड बीअर पितात आणि घरचे काही बोलत नाहीत, याचं आश्चर्य मनात दाबून मी वाचत होते. वाचायची थांबले का? नाही. रहस्यकथा वाचणारं मूल न कळणाऱ्या गोष्टीला घाबरत नाही, ते तिच्यामागे लागतं. भुयाराच्या भिंतीवरची खूण आणि पानावरचा अनोळखी शब्द त्याच्यासाठी सारखेच असतात. आम्ही हजारो मैलांवरून, दुसऱ्या भाषेतून, शब्दकोश मांडीवर घेऊन हे करत होतो. मग लंडनमधल्या मुलाला 'स्वॉटर' झेपणार नाही, हे कुणी ठरवलं?

आणि त्या जुन्या शब्दांत काय काय साठवलेलं असतं! या पुस्तकांतल्या खाण्याची नेहमी थट्टा होते. 'लॅशिंग्ज ऑफ जिंजर बीअर', म्हणजे जिंजर बीअरची रेलचेल, हे वाक्य तर या मालिकेची ओळख होऊन बसलं आहे. ते मूळ पुस्तकांत कुठेही नाही, १९८२ साली टीव्हीवर आलेल्या एका विडंबनातून ते लोकांच्या तोंडी बसलं. खरी गंमत खाण्याच्या वर्णनांच्या तारखांत आहे. ब्रिटनमध्ये जानेवारी १९४० मध्ये लोणी, साखर आणि बेकनवर रेशन आलं. १९४२ साली, म्हणजे पहिलं पुस्तक आलं त्याच वर्षी, गोळ्या-चॉकलेटंही रेशनवर गेली. शेवटचं रेशन उठलं १९५४ मध्ये. मालिकेतली पहिली बारा पुस्तकं या काळातली आहेत. शेतावरची बाई मुलांच्या पुढ्यात हॅम, ताजं लोणी, साय, प्लमचा केक मांडते, ते वाचणाऱ्या इंग्रज मुलाच्या घरी आठवड्याला माणशी दोन औंस लोणी येत होतं. दोन औंस म्हणजे साठ ग्रॅमसुद्धा नाही. ती पानं भुकेल्या मुलांसाठी लिहिलेली आहेत. माझ्या आईनं बहात्तरच्या दुष्काळात मिलो ज्वारीच्या लाल भाकऱ्या खाल्ल्या होत्या. तिला मी हे सांगितलं तेव्हा ती लगेच म्हणाली, "म्हणजे आम्ही पुरणपोळीच्या गप्पा मारायचो, तसंच." एका तळटीपेत हे सांगता येतं. आजच्या आहाराला शोभेल असं काहीतरी त्या ताटात घातलं, तर ही सगळी भूक पुस्तकातून निघून जाईल.

जॉर्ज आणि अ‍ॅनबद्दल फार बोलत नाही, कारण मुद्दा एका ओळीचा आहे. अ‍ॅननं भांडी घासायची आणि मुलांनी भुयारात उतरायचं, हे आज खटकतं, खटकायलाच हवं. पण अ‍ॅनच्या हातातली भांडी काढून चौघांत वाटली, तर जॉर्ज कशावर चिडते हेच मुलीला कळणार नाही. तिचे कापलेले केस, तिचं नाव, तिचा संताप, सगळं त्या भांड्यांच्या विरोधात उभं आहे.

आता माझ्या मताला मीच एक मर्यादा घालते. सगळंच जसंच्या तसं मुलाच्या हाती द्या, असं मी म्हणत नाही. ब्लायटनबाईंच्याच, अगदी लहानग्यांसाठी असलेल्या नॉडीच्या पुस्तकांत गॉलिवॉग नावाच्या काळ्या बाहुल्या असत. १९५१ च्या एका पुस्तकात त्या नॉडीची गाडी पळवतात. पुढच्या काळात त्यांच्या जागी गॉब्लिन आले, आणि ते योग्यच झालं. चार वर्षांचं मूल तळटीप वाचत नाही. ते चित्र पाहतं आणि काळा चेहरा म्हणजे चोर एवढंच घेऊन झोपतं. 'द लिटल ब्लॅक डॉल' या त्यांच्या १९३७ च्या गोष्टीत काळ्या बाहुलीवर कुणी प्रेम करत नाही आणि पावसानं तिचा रंग धुऊन ती गुलाबी झाल्यावर सगळ्यांना आवडू लागते. इथे कुठला शब्द बदलणार? ती गोष्ट मुलांच्या कपाटात पुन्हा ठेवू नये, ग्रंथालयात अभ्यासकांसाठी राहू द्यावी. न छापणं हाही एक प्रामाणिक निर्णय असतो. आणि लेखक हयात असताना त्यानं स्वतः बदल केला, तर त्याला कोण अडवणार? ब्रिटिश बाललेखक रोआल्ड डाल यांनी आपल्या गोष्टीतल्या चॉकलेटच्या कारखान्यात राबणाऱ्या ऊम्पा-लूम्पा या बुटक्या कामगारांचं मूळ आफ्रिकी रूप टीकेनंतर १९७३ च्या आवृत्तीत स्वतः बदललं. तो त्यांचा निर्णय होता. २०२३ साली, ते गेल्यानंतर बत्तीस वर्षांनी, त्यांच्या पुस्तकांतले शेकडो शब्द प्रकाशकांनी बदलले, आणि गदारोळ झाल्यावर मूळ मजकुराची वेगळी आवृत्तीही काढू असं जाहीर केलं. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

माझ्या विरोधातला सगळ्यात वजनदार मुद्दा वेगळाच आहे आणि मी तो टाळणार नाही. जी मुलगी स्वतः रोमा आहे, किंवा आपल्याकडची पारध्याची मुलगी, जी आज इंग्रजी शाळेत जाते आहे, तिनं हे पुस्तक उघडलं तर? तिच्यासाठी 'डर्टी' हा शब्द इतिहासाचा धडा नसतो, तो तिला काल शाळेच्या व्हरांड्यात ऐकू आलेला असतो. तिच्या दुखण्यापुढे माझं ग्रंथप्रेम फार लहान आहे, हे मला मान्य आहे. पण मग तिला 'ट्रॅव्हलर' हा शब्द देऊन तिचं दुखणं कमी होतं का? गोष्टीत चोर अजूनही तिचाच बाप आहे. फक्त आता पुस्तक तिला म्हणतं, आम्ही तर सभ्य शब्द वापरला. तिला वाचताना शेजारी बसलेलं मोठं माणूस हवं. पहिल्या पानावर कुणीतरी मोकळेपणानं लिहिलेलं हवं, की या लेखिकेची तुमच्या माणसांकडे पाहायची नजर चुकीची होती. आणि त्याहून जास्त म्हणजे तिच्या वस्तीतल्या मुलीनं रहस्य उलगडल्याची नवी गोष्ट हवी. भा. रा. भागवतांनी ब्लायटनबाईंची पुस्तकं सुधारत बसण्यात वेळ घालवला नाही. त्यांनी फुरसुंगीच्या किडकिडीत बनेश ऊर्फ फास्टर फेणेला सायकलवर बसवलं आणि 'ट्टॉक!' करत महाराष्ट्रभर सोडून दिलं. पारधी वाड्यावरचा फेणे मराठीत अजून यायचा आहे.

हा वाद केवळ तिकडच्यांचा आहे असं समजू नका. ब्लायटनबाई २८ नोव्हेंबर १९६८ रोजी गेल्या. ब्रिटनमध्ये लेखकाच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षं हक्क राहतो, भारतात साठ. म्हणजे २०२८ साल संपलं की, १ जानेवारी २०२९ पासून, या पुस्तकांच्या मजकुरावर भारतात कुणाचा हक्क उरणार नाही. आयलीन सोपर यांची मूळ चित्रं मात्र तेव्हाही मोकळी नसतील, त्या १९९० साली गेल्या. मराठीतला कुठलाही प्रकाशक उद्या एकवीसच्या एकवीस पुस्तकांचे नवे अनुवाद काढू शकेल. त्यानं कुठला मजकूर हातात घ्यायचा? मूळचा, मधल्या काळातला की २०१० चा? हा निर्णय आपल्याला करायचा आहे, आणि तो कुणाच्या लक्षातही न येता होऊन जाईल अशी मला भीती वाटते.

यासाठी लागणारी शिस्त मराठीकडे आधीपासून आहे. आपल्या जुन्या पुस्तकांच्या शीर्षकपानावर किती काटेकोर शब्द असत: अनुवाद, स्वैर अनुवाद, रूपांतर, 'अमुकच्या आधारे'. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला, तेव्हा वाचणाऱ्याला ठाऊक असे की हा व्हर्न आहे आणि तो भागवतांच्या हातून आला आहे. फ्रेंचांनी तर फेमस फाइव्हला सरळ ब्रिटनी प्रांतात नेलं, जॉर्जचं नाव क्लोद ठेवलं, आणि फ्रेंच मुलांनी ती पुस्तकं आपली मानली. रूपांतराला माझी काहीच हरकत नाही. कुणी किरिन बेट उचलून सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर ठेवलं तर मी पहिली प्रत घेईन. फक्त पानावर 'रूपांतर' असं लिहा आणि त्याखाली तुमचं नाव घाला. आणि अनुवाद म्हणणार असाल, तर मूळ मजकूर घ्या, त्याला दोन पानांची प्रस्तावना जोडा, रेशनची, टिंकरची, पत्रिनची टीप द्या. दहा वर्षांच्या मुलांना टिपा आवडतात. मोठ्यांना त्या कंटाळवाण्या वाटतात, म्हणून आपण मुलांच्याही काढून घेतो.

टिंकरला मराठीत काय म्हणायचं, हा प्रश्न त्या अनुवादकाला पडेलच. त्या रात्री तो मलाही पडला. भाची उत्तराची वाट पाहत होती. मी म्हटलं, कल्हईवाला. तिनं हा शब्द कधी ऐकला नव्हता. मग पलीकडच्या खोलीतून माझी आई उठून आली. तिनं सांगायला सुरुवात केली: वाड्यासमोरच्या लिंबाखाली तो बसायचा, खड्डा करून कोळसे पेटवायचा, बायको भाता हलवायची. पितळेचं पातेलं तापलं की नवसागर टाकायचा, पांढरा धूर व्हायचा, मग कथील लावून फडक्यानं असं फिरवायचा की आतून चांदीसारखं लखलख. पाण्यात बुडवलं की चर्र आवाज. आम्ही सगळी पोरं भोवती कोंडाळं करून उभी.

"मग तुम्ही त्याला घाबरायचा?" भाचीनं विचारलं.

"घाबरायचो नाही," आई म्हणाली. थोडा वेळ ती गप्प बसली. "पण तो आला की आजी अंगणातली भांडी मोजून ठेवायची. आणि पाणी द्यायचं झालं तर त्याचा तांब्या वेगळा होता. मागच्या कोनाड्यात असायचा."

"तो तांब्या कुठाय आता?" भाचीनं विचारलं. आई आणि मी एकमेकींकडे पाहत राहिलो. मग भाचीनं माझी जुनी, तपकिरी प्रत ओढून घेतली आणि म्हणाली, "आता मी यातून वाचते."